रेनॉल्ड्स नंबरवाले सर

मंडळी, सुरुवातीलाच कबूल करते. मी कॉन्व्हेंटची. मराठी हा विषय दहावीला होता आणि त्यानंतर आमची दोघींची भेट नाही. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर मराठी विभागाच्या संपादकांना धरा, मला नको. मला लिहायचंय एका माणसाबद्दल. त्यांचं नाव फ्लुइड मेकॅनिक्सच्या ओरलला आपण सगळ्यांनी दहा वेळा घेतलंय आणि त्यांच्याबद्दल आपल्याला एक अक्षर माहीत नाही. निदान मला नव्हतं. पण त्यांच्याकडे जाण्याआधी तुम्हाला माझ्याबरोबर शिरोलीला यावं लागेल.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये इन-प्लांट ट्रेनिंग केलं. पंचगंगेचा पूल ओलांडला की पुलाची शिरोली, आणि हायवेच्या कडेला फाउंड्र्यांचा तो भाजलेल्या वाळूचा वास. इंजिनाचे ब्लॉक, हेड, हाउसिंग, काय काय कास्टिंग इथून बाहेर पडतं. शिरोलीत मेनन पिस्टन्स आहे, तिकडे गोकुळ शिरगावला मेनन बेअरिंग्ज. म्हणजे इंजिनाच्या आत जे जे एकमेकांवर घासतं, त्यातलं बरंच आपल्या कोल्हापुरात बनतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एके दिवशी वळवाचा पाऊस झाला आणि लाईट गेली. सीएनसीवर जॉब अर्धवट, मालक फोनवर, बाकी सगळे जनरेटरकडे. मेंटेनन्सच्या मामांनी (वयाने मोठ्या सगळ्यांना तिथे मामाच म्हणतात) डिपस्टिक काढून पाहिली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. त्यांनी मला स्टोअरमधून ऑइल आणायला पिटाळलं. स्टोअरमध्ये दोन डबे. एकावर नुसतं ६८, दुसऱ्यावर १५डब्ल्यू-४०. मी डोकं चालवलं. जनरेटर म्हणजे डिझेल इंजिन, दांडगं काम, म्हणजे ऑइलही दांडगं पाहिजे. ६८ हे ४० पेक्षा मोठं. उचलला डबा आणि आणला. फनेल लावून ओतणार, तेवढ्यात मामांनी माझा हात धरला. ते मशीनच्या हायड्रॉलिकचं ऑइल आहे गं पोरी, इंजिनात घातलंस तर मालक तुला आणि मला दोघांना विकेल, असं काहीसं ते बोलले. खरं तर याहून जास्त बोलले, पण मॅगझिनमध्ये छापता येणार नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण जनरेटर सुरू झाल्यावर मामांनी चहा पिता पिता मला सरळच विचारलं, की हा डब्ल्यू म्हणजे काय आणि ४० म्हणजे कशाचे ४०? मी ठोकून दिलं, डब्ल्यू म्हणजे वेट, वजन. मामांनी मान हलवली. तीस वर्षं ते हे डबे ओततायत. कुठला कुठे जातो हे त्यांना पक्कं माहीत होतं, पण का जातो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं आणि मी त्यांना थाप मारली. डब्ल्यू म्हणजे विंटर, हे मला रात्री हॉस्टेलवर पुस्तक उघडल्यावर कळलं. त्या रात्री मेसची आमटी नेहमीपेक्षाही पातळ लागली.

त्या पुस्तकात ऑइलच्या धड्याच्या पहिल्याच पानावर ओळखीचं नाव दिसलं. ऑस्बर्न रेनॉल्ड्स. मला वाटलं होतं रेनॉल्ड्स म्हणजे पाइपातलं पाणी, दोन हजारच्या खाली लॅमिनार, संपला विषय. पण इंजिनातलं ऑइल मुळात काम कसं करतं, हे गणितात पहिल्यांदा मांडलं तेही याच माणसानं. आपल्या शिक्षकांना आपण सर म्हणतो, तर यांनाही सर म्हणायला हवं, कारण आयुष्यभर ते मास्तरच होते. आणि तेही (हे तुम्हाला आवडेल) बऱ्यापैकी वाईट शिकवणारे!

रेनॉल्ड्स सरांचा जन्म २३ ऑगस्ट १८४२ रोजी बेलफास्टला झाला. वडील पाद्री आणि शाळेचे हेडमास्तर. ते स्वतः केंब्रिजला गणित शिकलेले आणि यंत्रांचे वेडे. शेतीच्या अवजारांची पेटंट त्यांच्या नावावर होती. पुढे घर इंग्लंडमध्ये डेडहॅम गावी आलं. मुलाला बऱ्याच अंशी वडिलांनीच शिकवलं. अशा हुशार मुलाला सरळ केंब्रिजला धाडायचं सोडून १९व्या वर्षी, १८६१ साली, स्टोनी स्ट्रॅटफर्ड गावच्या एडवर्ड हेज नावाच्या इंजिनिअरच्या कारखान्यात उमेदवारीला ठेवलं. तिथे छोट्या बोटींची इंजिनं व्हायची. म्हणजे आपल्या भाषेत, डिग्रीच्या आधी इन-प्लांट ट्रेनिंग! तिथे हात काळे झाल्यावर त्यांना जाणवलं, की मशीन समोर दिसतंय पण आतलं का ते कळत नाही, त्याला गणित लागेल. मग केंब्रिज. १८६७ साली गणितात सातवा नंबर काढून ते बाहेर पडले.

पुढच्याच वर्षी मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकाची जागा निघाली. इंजिनिअरिंगचे प्राध्यापक हा प्रकारच तेव्हा नवा होता. मँचेस्टर म्हणजे गिरण्या, लोकोमोटिव्ह, बॉयलर. तिथल्या कारखानदारांनी वर्गणी काढून पगार वाढवला, कारण त्यांना चांगला माणूस हवा होता. मिळाला पंचवीस वर्षांचा पोरगा. तो तिथे १९०५ पर्यंत, म्हणजे ३७ वर्षं राहिला. नोकरी लागली त्याच वर्षी, १८६८ मध्ये लग्न झालं आणि वर्षभरातच पत्नी शार्लट वारली. त्यांचा मुलगाही १८७९ साली गेला. सरांनी १८८१ साली दुसरं लग्न केलं. त्यांचं सगळ्यात मोठं काम त्यानंतरच्या पाच वर्षांतलं आहे. याचा अर्थ काय लावायचा ते मला ठरवता येत नाही, तारखा मात्र अशा आहेत.

वर्गातले किस्से जे. जे. थॉमसन यांच्यामुळे कळतात. हो, इलेक्ट्रॉनवालेच. ते चौदाव्या वर्षी ओवेन्सला आले ते इंजिनिअर व्हायला आणि रेनॉल्ड्स सर त्यांना शिकवायला होते. सर तासाला यायचं विसरायचे. आठवण करून दिली की धावत यायचे, टेबलावरचं रँकिनचं पुस्तक उघडायचे, एक फॉर्म्युला दाखवायचे आणि तो चूक आहे म्हणून जाहीर करायचे. मग वर्गाकडे पाठ करून फळ्यावर स्वतःशीच पुटपुटत लिहायचे, पुसायचे, परत लिहायचे. तास संपता संपता सिद्ध व्हायचं की रँकिनचं बरोबर होतं. एकदा स्लाइड रूल शिकवताना त्यांनी तीन गुणिले चार करून दाखवलं आणि उत्तर ११.८ आलं. पोरं हसायला लागली. सरांच्या मते आपल्या कामापुरतं तेवढं पुरेसं जवळ होतं. (हे आमच्या जर्नल तपासणाऱ्यांना कोणीतरी कळवा.) तरी थॉमसन यांनी या सरांबद्दल प्रेमानंच लिहिलंय. कारण फळ्यासमोर जे चालायचं तो माणूस खरोखर विचार करताना दिसायचा.

काचेच्या नळीतला रंगाचा प्रयोग १८८३ सालचा. तो आपल्याला माहीत आहे, म्हणून पटकन पुढे जाते. एकच गंमत सांगते. ते उपकरण मँचेस्टरला अजून जपून ठेवलंय. कित्येक वर्षांनी त्याच उपकरणावर प्रयोग परत केला, तर सरांना जेवढ्या मोठ्या आकड्यापर्यंत, म्हणजे जवळपास १३,०००पर्यंत, प्रवाह शांत ठेवता आला होता तेवढा राहिना. कारण? बाहेरच्या रस्त्यावरच्या गाड्यांची थरथर. सरांच्या काळी तिथे घोडागाड्या होत्या. आणि रेनॉल्ड्स नंबर हे नाव त्यांनी दिलेलं नाही. ते १९०८ साली सोमरफेल्ड यांनी रूढ केलं.

आता ऑइल. त्याच १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर नावाचे इंजिनिअर मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेसाठी रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. चार इंच जाडीचा स्टीलचा शाफ्ट, त्याच्या वर पितळी बेअरिंगचा अर्धा कप, त्यावर वजन, आणि शाफ्टचा खालचा भाग तेलात बुडलेला. त्यांनी पितळात वरून तेल सोडायला भोक पाडलं. मशीन सुरू केलं तर तेल आत जायच्या ऐवजी भोकातून वर यायला लागलं! त्यांनी भोकात लाकडी बूच ठोकलं. बूच बाहेर फेकलं गेलं. मग त्यांनी प्रेशर गेज लावला. बेअरिंगवर वजन पडत होतं सरासरी चौरस इंचाला १०० पौंड, आणि गेजचा काटा २०० च्याही पुढे गेला.

पंप नाही, काही नाही. मग हे प्रेशर आणलं कुणी?

टॉवर यांना उत्तर देता आलं नाही. रेनॉल्ड्स सरांनी ते आकडे घेतले आणि १८८६ साली रॉयल सोसायटीच्या अंकात मोठा पेपर लिहिला. मी तो पूर्ण समजून घेतला असं म्हटलं तर मामांना मारली तशी दुसरी थाप होईल. पण गाभा असा आहे. तेल शाफ्टला चिकटतं. शाफ्ट फिरला की तेलाला आपल्याबरोबर ओढून नेतो. शाफ्ट बेअरिंगच्या बरोबर मध्ये नसतो, किंचित एका बाजूला असतो, त्यामुळे पुढची फट अरुंद होत जाते, पाचरीसारखी. ओढून आणलेलं तेल त्या अरुंद जागेत कोंबलं जातं, त्याला बाजूने चटकन निसटता येत नाही, म्हणून त्याचं प्रेशर वाढतं आणि ते आख्खा शाफ्ट उचलून धरतं. हॉस्टेलच्या बाथरूमच्या ओल्या फरशीवर घाईत स्लिपर घालून गेलात तर क्षणभर पाय तरंगतो आणि मग आपण पडतो, त्यात जे पाणी स्लिपरखाली शिरतं त्याचं काम साधारण हेच. धातू धातूला टेकतच नाही. मध्ये तेलाचा थर असतो, केसाहूनही कितीतरी पातळ, आणि सगळं वजन त्या थरावर.

म्हणजे ऑइल हे नुसतं बुळबुळीत करायला नसतं. ते भार उचलतं. आणि किती उचलेल हे दोनच गोष्टींवर बरंचसं ठरतं: शाफ्ट किती वेगात फिरतोय आणि तेलाची व्हिस्कॉसिटी किती. (शुद्ध मराठीत श्यानता. माझ्या मराठी मिडियमच्या रूममेटनं सांगितलं. मी घट्टपणाच म्हणणार.) फिरणं थांबलं की थर बसतो, म्हणून इंजिनाची झीज जास्त होते ती सुरू करताना.

आता पेपरमधला माझा सगळ्यात आवडता भाग. टॉवर यांच्या प्रयोगातलं एक तेल होतं ऑलिव्ह ऑइल, आपण सॅलडवर घालतो ते. हिशोब जुळवायला सरांना त्याचा घट्टपणा हवा होता आणि तोही चालू बेअरिंगच्या तापमानाला, कारण घासून तेल तापतं. तसे आकडे हाताशी नव्हते. मग सर स्वतः लॅबमध्ये बसले आणि वेगवेगळ्या तापमानाला ऑलिव्ह ऑइल मोजत गेले. त्यांना दिसलं की ते हळूहळू सरळ रेषेत पातळ होत नाही, एक्स्पोनेन्शियल उतरतं. पेपरच्या नावातसुद्धा त्यांनी ऑलिव्ह ऑइल घातलंय. इतका भारी गणिती माणूस, पण तेल किती तापल्यावर किती पातळ होतं हे मोजल्याशिवाय पुढे गेला नाही. स्टोनी स्ट्रॅटफर्डच्या कारखान्यातले काळे हात इथे दिसतात, असं मला वाटतं.

कोल्हापूरच्या माणसाला हे गुऱ्हाळावर कळतं. कढईतून काढलेली गरम काकवी पाण्यासारखी धावते, तीच बाटलीत गार झाली की चमच्यावरून उतरत नाही. काकवी तीच. म्हणून कुठलंही तेल घट्ट की पातळ हा प्रश्न तापमान सांगितल्याशिवाय विचारायचाच नसतो. डब्यावरचे दोन आकडे हेच सांगतात. अमेरिकेतल्या एसएई या संस्थेनं १९११ साली ऑइलचे नंबर पाडायला सुरुवात केली. आजच्या नियमात मागचा ४० म्हणजे १०० डिग्री सेल्सिअसला, म्हणजे इंजिन तापल्यावर, घट्टपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान. ३० असेल तर ९.३ ते १२.५. पुढचा १५डब्ल्यू म्हणजे उणे २० डिग्रीला गोठवून पाहिलं तरी इंजिन फिरवता येईल इतपतच ते घट्ट होतं. २०डब्ल्यू असेल तर ही परीक्षा उणे १५ ला, १०डब्ल्यूला उणे २५ ला. ४० हे कशाचे ४० नाहीत. तो डिव्हिजनचा नंबर आहे, आपल्या ए डिव्हिजन बी डिव्हिजनसारखा. आणि १५डब्ल्यू-४० तापल्यावर घट्ट होतं असं आमच्या वर्गात निम्म्या लोकांना वाटतं, मलाही वाटायचं. होत नाही. पातळच होतं, पण त्यात घातलेल्या पॉलिमरमुळे साध्या तेलापेक्षा कमी पातळ होतं, इतकंच.

उणे २० डिग्री कोल्हापुरात कुठून येणार? येणार नाही. तरी पुढचा आकडा अगदीच बिनकामाचा नाही. लहान डब्ल्यूचं ऑइल पहाटेच्या गार इंजिनात जरा लवकर वर पोचतं. पण आपल्या हवेत जास्त महत्त्व मागच्या आकड्याला. तो इंजिन बनवणाऱ्यानं बेअरिंगची फट, वेग आणि उष्णता बघून ठरवलेला असतो. हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये ॲक्टिव्हाला १०डब्ल्यू-३० लागतं आणि शेजारच्या पल्सरला २०डब्ल्यू-५०, यात ॲक्टिव्हा गरीब आणि पल्सर श्रीमंत असं काही नाही. ॲक्टिव्हात जास्त घट्ट घातलं तर थर जाड होईल, पण तो थर ओढायला इंजिनाची ताकद जाईल, तेल तापेल आणि अरुंद फटीत उशिरा पोचेल. पल्सरमध्ये पातळ घातलं तर थर तुटून धातू धातूला लागेल. आणखी एक, बाइकच्या डब्यावर जॅसो एमए लिहिलंय का बघा, कारण बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो आणि कारचं ऑइल घातलं तर तो घसरू शकतो. ॲक्टिव्हाचा क्लच कोरडा, म्हणून तिला एमबी चालतं. नंबर आणि ही अक्षरं, दोन्ही गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतात. मॅन्युअल डिकीत असतं. आपण ते कधी उघडत नाही.

मग माझं ६८? ती वेगळीच मोजपट्टी. हायड्रॉलिक आणि मशीनच्या तेलांना आयएसओचे नंबर असतात आणि ते ४० डिग्रीला मोजतात. तिथे ६८ म्हणजे खरोखरच ६८ सेंटिस्टोकच्या आसपास. जनरेटरचं १५डब्ल्यू-४० त्याच ४० डिग्रीला १०० च्या वर भरतं. आणि ते ६८ इंजिनात १०० डिग्रीला नेलं तर राहतं साधारण साडेआठ, म्हणजे इंजिनाच्या भाषेत फक्त २० नंबर. दांडगं समजून मी जवळजवळ निम्म्या घट्टपणाचं तेल ओतायला निघाले होते! शिवाय इंजिनाची काजळी धरून ठेवणारी द्रव्यं त्यात नसतात, ते वेगळंच. गिअर ऑइलची तिसरी पट्टी. तिथला ९० नंबर इंजिनाच्या ४०-५० च्याच जवळपास बसतो.

सर नंतर काय करत होते? खूप काही. बहुटप्पी टर्बाइन पंपाचं पेटंट त्यांनी आधीच, १८७५ साली घेतलं होतं. (किर्लोस्करवाडीच्या बाजूच्या मुलांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.) १८७७ ला रॉयल सोसायटीचे फेलो, १८८८ ला तिचंच पदक. कॉलेजच्या वाफेच्या इंजिनाला ब्रेक लावून त्यांनी उष्णता आणि कामाचं नातं मोजलं, पाणी थेट बर्फाच्या तापमानापासून उकळीपर्यंत तापवून. शेवटी शेवटी मात्र ते सगळं विश्व बारीक कणांनी भरलेलं आहे अशा सिद्धान्तात गुंतले. १९०३ साली त्यावर जाड पुस्तक आलं. ते फारसं कुणाला समजलं नाही आणि पुढे कुणी धरलंही नाही. तब्येत ढासळत गेली. १९०५ साली कॉलेज सोडलं आणि २१ फेब्रुवारी १९१२ रोजी सॉमरसेटमधल्या वॉचेट गावी ते वारले. एसएईनं ऑइलला नंबर द्यायला सुरुवात केली त्याला तेव्हा जेमतेम एक वर्ष झालं होतं. इंच-पौंडाच्या हिशोबात घट्टपणाच्या एककाला पुढे त्यांच्या नावावरून रेन म्हणायला लागले. आज गोकुळ शिरगावला बनणारं बेअरिंग असो की जपानला, त्याची फट त्यांच्या १८८६ च्या समीकरणावरूनच काढतात.

ट्रेनिंगच्या शेवटच्या आठवड्यात मी मामांना हे सगळं सांगितलं. डब्ल्यूबद्दल आधी माफी मागितली. पाचर त्यांना लगेच कळली, माझ्यापेक्षा लवकर. टॉवरच्या बुचावर ते मनापासून हसले, कारण तसं बूच त्यांच्याही अंगावर उडालेलं आहे. मग मी उत्साहाने स्टोअरमध्ये दोन्ही डब्यांवर खडूनं लिहिलं: श्यानता अमुक, तापमान तमुक. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर मामांनी ते पुसून पेंटनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. एकावर मशीन. दुसऱ्यावर जनरेटर.